आधी आकडा, मग नळजोडणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणित शिकवायचे. उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवली नसेल तर अर्धेच गुण, असा त्यांचा खाक्या होता हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला आल्या आल्या ऐकवलं. बरं झालं. डेटा सेंटरला लागणारं पाणी हा माझा आजचा विषय आहे आणि या विषयात सगळे जण उत्तरं सांगतात, रीत कुणी दाखवत नाही. मी नोकरी केली ती पाणीपुरवठ्यात. आम्हा मंडळींना वक्तृत्व कमी आणि एमएलडी, म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर, जास्त कळतं, तेव्हा सांभाळून घ्या.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी द डॅल्स नावाचं गाव आहे. वस्ती सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे जिथे नगरपंचायत होते तेवढी. गाव एवढ्या मोठ्या नदीच्या काठी असलं तरी पिण्याचं पाणी येतं ते माउंट हूडच्या उतारावरच्या ओढ्यांतून आणि विहिरींतून. भूजल खाली जातंय म्हणून त्या पट्ट्यातल्या उपशावर राज्यानं कित्येक दशकांपूर्वीच निर्बंध घातले होते. तिथे २००६ साली गूगलचं डेटा सेंटर सुरू झालं. पुढे कंपनीला आणखी इमारती उभ्या करायच्या होत्या. जागा होती बंद पडलेल्या ॲल्युमिनियम कारखान्याची, आणि त्या जागेबरोबर कारखान्याचा पाण्याचा हक्कही आला. २०२१ च्या नोव्हेंबरात नगर परिषदेनं कंपनीशी करार केला. गूगलनं २ कोटी ८५ लाख डॉलरची पाणीयोजना उभारून द्यायची आणि विस्ताराला पाणी घ्यायचं, असा एकूण व्यवहार.

आता एका वर्तमानपत्राचा बातमीदार साधा प्रश्न घेऊन गेला: आजवर कंपनी किती पाणी वापरत आली? वर्तमानपत्र ‘दि ओरेगोनियन’. नगर परिषदेनं सांगितलं की हे व्यापारी गुपित आहे, देता येणार नाही. तिथल्या जिल्हा सरकारी वकिलाकडे दाद मागितली गेली. त्यानं हुकूम दिला की आकडे द्या. त्यावर नगर परिषद कोर्टात गेली. नीट लक्षात घ्या, कोर्टात कंपनी गेली नाही. गावानं निवडून दिलेली परिषद गेली, गावाच्या पाण्याचा आकडा गावाला कळू नये म्हणून. खटल्याचा खर्च मात्र कंपनीनं सोसला. वर्षभर भिजत घोंगडं राहिलं आणि २०२२ च्या डिसेंबरात परिषदेनं माघार घेतली.

आकडा निघाला तो असा. २०२१ मध्ये कंपनीनं ३५ कोटी ५१ लाख गॅलन पाणी वापरलं. आपल्या मापात साधारण १३४ कोटी लिटर, दिवसाची सरासरी ३७ लाख लिटरच्या जवळ. गावाच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. पाच वर्षांत हा वापर जवळपास तिप्पट झाला होता.

आणि पुढे काय झालं? गूगलचा धंदा बसला? मुळीच नाही. त्याच सुमारास कंपनी अमेरिकेतल्या आपल्या डेटा सेंटरांचे ठिकाणवार पाण्याचे आकडे स्वतःच छापू लागली. जे गुपित राखायला तेरा महिने वकील लावले, ते दरवर्षीच्या अहवालातलं एक कोष्टक झालं. म्हणून माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की पाणी वाचवण्याची तंत्रं, धोरणं, सवलती सगळं नंतर बघू. पाण्याचा आकडा आधी चव्हाट्यावर यायला हवा, तोही जोडणी मंजूर होण्यापूर्वी.

उरुग्वेचंही थोडक्यात सांगतो, कारण तिथे काळ फार वाईट होता. २०२३ मध्ये माँटेव्हिडिओचं मुख्य जलाशय आटत आटत तळाला गेलं आणि पाणीपुरवठा कंपनीनं नदीमुखाजवळचं मचूळ पाणी त्यात मिसळून नळाला सोडलं. लोक खारं पाणी पीत होते, निदान ज्यांना बाटलीचं परवडत नव्हतं ते. त्याच सुमारास गूगलच्या नियोजित डेटा सेंटरचा आकडा बाहेर आला: दिवसाला ७६ लाख लिटर. तोही सुखासुखी नाही. एका विद्यापीठातल्या संशोधकाला त्यासाठी कोर्टात जावं लागलं. भिंतींवर लोकांनी लिहिलं की हा दुष्काळ नाही, ही लूट आहे. पुढे कंपनीनं आराखडा बदलून हवेनं गार करण्याची पद्धत घेतली. चिलीत, सँतियागोजवळ, सेकंदाला १६९ लिटरची परवानगी मिळालेल्या प्रकल्पाचंही तसंच झालं. रहिवासी लढले, पर्यावरण न्यायाधिकरणानं परवानगीचा काही भाग फिरवला आणि २०२४ मध्ये कंपनीनं सगळं नव्यानं आखायचं ठरवलं. दोन्ही ठिकाणी आराखडा बदलता येत होता. आकडा बाहेर येईपर्यंत बदलायची गरज कुणाला वाटली नव्हती.

आता रीत. डेटा सेंटर म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकांची इमारत. त्यांना दिलेली वीज जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते आणि ती बाहेर काढावी लागते. स्वस्तातला मार्ग आपल्या घरातल्या माठाचाच आहे: थोडं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडायला साधारण २४ लाख ज्यूल उष्णता लागते. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार करा: एका युनिटमागे दीड लिटर पाणी वाफ होऊन जातं. शंभर मेगावॉटचं डेटा सेंटर पूर्ण भारानं चोवीस तास चाललं तर २४ लाख युनिटं, म्हणजे ३६ लाख लिटर पाणी. ही नुसती वाफ झाली. पाणी उडालं की क्षार मागे राहतात, ते उडतं त्या कूलिंग टॉवरमधलं पाणी जड होत जातं, म्हणून त्यातलं काही सतत काढून टाकून नवं भरावं लागतं. क्षार चौपट होईपर्यंत तेच पाणी फिरवलं असं धरलं, तर आणखी १२ लाख लिटर. एकूण ४८ लाख.

हे पाणी वापरून गटारात येत नाही, हा यातला महत्त्वाचा भाग. तुम्ही-आम्ही आंघोळ केली, कपडे धुतले तर त्यातलं बहुतेक पाणी सांडपाणी म्हणून परत मिळतं, शुद्ध करता येतं. कूलिंग टॉवरमधून गेलेलं त्या गावाच्या हिशेबातून गेलंच. शहरात माणशी रोज १३५ लिटर असा आपला निकष आहे. उडून जाणारं ३६ लाख लिटर म्हणजे सुमारे २६ हजार सहाशे माणसांचं पाणी. जलजीवन मिशनचा खेड्यातला निकष ५५ लिटरचा. त्या मापानं पासष्ट हजार माणसं. खेड्यातल्या माणसाला निम्म्याहून कमी पाणी का, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, पण ठेच लागतेच.

सगळी डेटा सेंटरं अशी नसतात, हेही सांगायला हवं. काही जण पंख्यांनी हवा खेळवून उष्णता काढतात, त्यांना पाणी नगण्य लागतं. मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या नव्या आराखड्यात थंडाव्यासाठी पाणी उडवावं लागणार नाही. बंद नळ्यांतून तेच पाणी फिरत राहील. उत्तम. पण कोणत्या इमारतीत कोणती पद्धत आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही, आणि आपल्याकडे ते सांगायची सक्तीही नाही.

आता घरी येऊ. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेपैकी साधारण निम्मी मुंबई आणि तिच्या आसपास आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबली इथे किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत, वीज बऱ्यापैकी खात्रीची. त्यामुळे ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि पुढे पनवेलपर्यंत या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहताहेत. एकेकाळी जिथे रासायनिक कारखान्यांचे भोंगे वाजायचे तिथेच. द डॅल्सची आठवण होते: कारखाना गेला, भूखंड राहिला, भूखंडाबरोबर पाण्याचा मंजूर कोटा राहिला. मग त्या कोट्याचं पुढे काय होतं हा प्रश्न इथेही विचारायला हरकत नाही.

या पट्ट्यातल्या उद्योगांना एमआयडीसीचं पाणी येतं ते बारवी धरणाच्या व्यवस्थेतून. हीच व्यवस्था अंबरनाथ, कल्याण-डोंबिवली, ठाणे, मीरा-भाईंदरलाही कमी-अधिक पाणी देते. याच पट्ट्यातल्या दिघ्यासारख्या वस्तीचं पिण्याचं पाणीही एमआयडीसीवरच अवलंबून. बारवीची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातली गावं-पाडे पाण्याखाली गेले. थोडं वर शहापूर तालुक्यात चला. तानसा, वैतरणा, भातसा ही सगळी मुंबईला पाणी पाजणारी धरणं त्याच अंगणात, आणि एप्रिल उजाडला की कसाऱ्याकडच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण तिथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. रबाळ्याच्या नळाला वाढलेला एकेक एमएलडी शेवटी याच डोंगरपट्ट्यातून येतो.

आणि मी ज्याच्याकडे विशेष लक्ष वेधू इच्छितो ती गोष्ट म्हणजे मे महिना. प्रकल्प अहवालात पाण्याचा आकडा असला तरी तो वार्षिक सरासरीचा असतो. सरासरी दिसायला सोज्वळ असते. पण माठाची पद्धत असलेल्या यंत्रणेला पाणी सर्वांत जास्त लागतं ते कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी. हवा गार असताना अर्धं काम फुकटात होतं. म्हणजे धरणात साठा सर्वांत कमी, टँकर सर्वांत जास्त, आठवड्यातून एक दिवस शटडाऊन जाहीर झालेलं, आणि त्याच पंधरवड्यात या ग्राहकाची मागणी शिखरावर. पाणीपुरवठ्याची योजना आम्ही कधीच सरासरीवर आखत नाही. जलवाहिनी, पंप, टाकी सगळं सर्वाधिक मागणीच्या दिवसासाठी धरतो. मग मंजुरीच्या वेळी या एकाच ग्राहकाला सरासरी का चालते? कपातीच्या दिवशी दिघ्याची बाई दुसऱ्या दिवसाची वाट बघू शकते, नव्हे, तिला बघावीच लागते. सर्व्हर थांबवता येत नाहीत. कपात कुणाच्या वाट्याला येणार हे आपण करारात लिहिलं नाही, तर ते आपोआप ठरतं.

इथे कुणी म्हणेल, अहो, उसाला केवढं पाणी जातं, त्यापुढे हे काय! बरोबर आहे. राज्याच्या ताळेबंदात डेटा सेंटरचं पाणी उसापुढे दिसणारसुद्धा नाही. मीही उसाची वकिली करायला उभा नाही. पण नळाला पाणी राज्याच्या ताळेबंदातून येत नाही. ते एका धरणातून, एका जलशुद्धीकरण केंद्रातून, एका मुख्य वाहिनीतून येतं. ऊस कालव्याचं कच्चं पाणी घेतो, ही इमारत पिण्यायोग्य केलेलं घेऊ शकते, तेही त्याच वाहिनीतून. टंचाई नेहमी ठिकाणावर असते, राज्यावर नसते.

मग हवेनं गार करा, प्रश्न मिटला? अर्धवट. हवेच्या पद्धतीला वीज जास्त लागते आणि आपली बरीचशी वीज औष्णिक आहे. औष्णिक केंद्राला स्वतःचे कूलिंग टॉवर असतात. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेनं जुन्या केंद्रांना घालून दिलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. म्हणजे रबाळ्यात वाचलेलं पाणी काही प्रमाणात चंद्रपुरात खर्च होणार. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र इरई धरणावर आणि चंद्रपूर शहराची तहानही त्याच धरणावर. २०१० च्या उन्हाळ्यात तिथले संच पाण्याअभावी बंद करावे लागले होते. परळीचं केंद्र २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून थांबलं, बीड जिल्ह्यातल्या त्या दुष्काळात. तरीही मला विचाराल तर टंचाईच्या गावात हवेची पद्धतच बरी, कारण वीज दुरून आणता येते, सौरही आणता येते. मात्र ‘आमचं पाणी शून्य’ अशी पाटी लावणाऱ्यानं वीज कुठली हेही त्याच पाटीवर लिहावं.

याहून सरळ मार्ग आपल्याच राज्यात चालू आहे. नागपुरात भांडेवाडीच्या केंद्रात शहराचं सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला पुरवतात. १३० एमएलडीचं ते काम २०१५ च्या सुमारास सुरू झालं. तेवढं ताजं पाणी शहरासाठी मोकळं राहिलं. नवी मुंबईतही महापालिकेनं ऐरोली आणि कोपरखैरणे इथे प्रत्येकी २० एमएलडीचे तृतीय स्तरावरचे शुद्धीकरण प्रकल्प उभारले, उद्योगांना पाणी देण्यासाठीच. अमेरिकेत जॉर्जियाच्या डग्लस काउंटीतलं गूगलचं डेटा सेंटर बरीच वर्षं शहराच्या सांडपाण्यावर चालतंय. तेव्हा ‘आम्हाला ताजंच पाणी लागतं’ या सबबीत दम नाही. खरी अडचण दुसरीच असते: प्रक्रिया केलेल्या पाण्याची वाहिनी भूखंडापर्यंत पोचलेली नसते, आणि ताजं पाणी स्वस्त मिळतं तोवर ती ओढण्याची घाई ना कंपनीला, ना खात्याला. दोन्हीकडच्या फायली मी पाहिल्या आहेत. वाहिनी ‘प्रस्तावित’ या शब्दात वर्षानुवर्षं सुखानं नांदते. त्यासाठी जोडणीच्या पत्रात एक ओळ पुरते: प्रक्रिया केलेलं पाणी येईपर्यंत थंडाव्यासाठी ताजं पाणी मिळणार नाही. मग वाहिनी किती लवकर पडते ते बघा.

कायदा काय म्हणतो? २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत डेटा सेंटर असा वेगळा प्रकारच नाही. २० हजार चौरस मीटरच्या पुढे गेलं तर बांधकाम प्रकल्प म्हणून ते तपासलं जातं, आणि बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणी नसते. गृहसंकुलाला ती नसते हे मी समजू शकतो. पण तहानेचं प्रमाण हजारो माणसांइतकं आणि राहणारं माणूस एकही नाही, अशा इमारतीला तोच नियम लावायचा? दुसरीकडे २०२२ मध्ये केंद्रानं डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला. दर्जा मिळाला, सवलती मिळाल्या. सुनावणी तेवढी राहिली.

पाण्याच्या प्राधान्यक्रमाचा इतिहासही बोलका आहे. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. बरंच रण माजल्यावर २०११ मध्ये तो बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पिण्याचं पाणी पहिलं, याबद्दल कधीच वाद नव्हता. पण कागदावरचा पहिला क्रमांक दुष्काळात आपणहून नळाला येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागत होतं, तेव्हा औरंगाबाद खंडपीठानं आदेश दिल्यावर मद्यउद्योगाच्या पाण्यात ५० ते ६० टक्क्यांची कपात झाली. बीअरचा कारखाना महिनाभर अर्ध्यावर चालवता येतो. बँकांचे व्यवहार, रुग्णालयांच्या नोंदी आणि तुमच्या-आमच्या खिशातला फोन ज्यावर चालतो ती इमारत कोर्टालाही सहज अर्ध्यावर आणता येणार नाही. म्हणून ही भांडणं दुष्काळ पडल्यावर सुटणार नाहीत. ती जोडणी देण्याआधी सोडवायची.

वाटे आधीच ठरवून ठेवण्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, ती १९७२ च्या दुष्काळानंतर. ते स्वतः अभियंते आणि कारखानदार होते. त्यांचा नियम क्रांतिकारक होता: पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही. लोक त्यांच्या समन्यायी वाटपाचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. मला मात्र त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. कुणाच्या वाट्याला किती पाणी हे सगळ्या गावाला माहीत असायचं. न कळलेला वाटा समन्यायी आहे की नाही, हे ठरवणार कोण?

आता कामाचं बोलतो आणि थांबतो. या सभागृहात ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी करणारे, राहणारे बरेच जण असतील. पुण्याकडचेही असतील, तिथेही हीच लाट आहे. माहितीचा अधिकार वापरा. एमआयडीसीच्या किंवा महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा, शुल्क दहा रुपये. ‘डेटा सेंटरांमुळे पाणीटंचाई होत आहे काय’ असलं काही विचारू नका, ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल. नेमकं मागा: डेटा सेंटर ग्राहकांना मंजूर केलेली रोजची पाण्याची मात्रा, गेल्या तीन वर्षांतला महिनावार प्रत्यक्ष वापर, त्यात ताजं किती, प्रक्रिया केलेलं किती, पाणीकपातीच्या दिवशी त्यांना दिलेलं पाणी, आणि करारातल्या कपातीच्या कलमाची प्रत.

बहुधा कलम ८(१)(डी) पुढे करून नकार येईल: व्यापारी गुपित. द डॅल्समध्ये आला तसाच. त्याच कलमात पुढे लिहिलंय की व्यापक जनहिताची खात्री पटली तर माहिती देता येते. तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा आणि त्यात लिहा की पाणी सार्वजनिक धरणाचं आहे, मीटर सार्वजनिक संस्थेचं आहे, आणि शेजारच्या वस्तीत त्याच दिवशी शटडाऊन होतं. शटडाऊनच्या जाहीर सूचनेचं कात्रण सोबत जोडा. अर्जाचा नमुना मी लिहून आणला आहे. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, आणि कमी पडल्या तर संयोजकांकडे झेरॉक्सची सोय आहे.